दोन खुणांचा पंप

टाकी हॉलच्या ज्या कोपऱ्यात आली, तो कोपरा पंधरा वर्षं टेबलाचा होता. टेबल बायकोचं. तयार कपड्यांच्या कारखान्यासाठी ती कागदी नमुने कापायची. शर्टाची बाही, कॉलर, खिसा आधी तिच्या कात्रीखालून जायचे आणि मग हजारांनी शिवले जायचे. एका शनिवारी ते टेबल तीन फूट दोन इंच डावीकडे सरकलं आणि रिकाम्या जागी खाऱ्या पाण्याची तीन फुटी काचेची टाकी बसली. वरचे दोन इंच नवऱ्याने हवा खेळायला सोडले होते. तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दोन इंच तो कुणाला उगाच सोडत नसे.

"टाकीत काय असणार?" बायकोने विचारलं.

"कोरल. प्रवाळ. जिवंत."

"ते करतं काय?"

"उघडतं."

"आणि मग?"

"मिटतं."

"एवढ्यासाठी माझं टेबल हललं," असं म्हणून ती कात्री शोधायला गेली, कारण कात्रीसुद्धा तीन फूट दोन इंच हलली होती.

निरीक्षकाला या उघडण्याचं अप्रूप का, हे त्याची नोकरी बघितल्याशिवाय कळायचं नाही. दुकानांतले तराजू, काटे आणि मापं तपासायची, खोटं सापडलं की जप्त करायचं, हे काम तो तेवीस वर्षं करत होता. तो रस्त्याच्या त्या टोकाला दिसला, की या टोकापर्यंतची शटरं खाली येत. दुकानदारांची आजारपणं, लग्नं, गावाला जाणं, सगळं तो आल्यावरच निघे. बाजार एरवी उघडा असतो, हे त्याला ऐकून माहीत होतं.

त्याचा साडू दातांचा डॉक्टर. साडूचं बरोबर उलटं. त्याच्यासमोर येऊन माणसं खुर्चीत बसत आणि न सांगता आ करत. त्याच्या दवाखान्यात, माणसं थांबतात त्या खोलीत, बारा वर्षांची खाऱ्या पाण्याची टाकी होती. एका संध्याकाळी दाढ दाखवायला गेलेला निरीक्षक त्या टाकीपुढे बसला आणि त्यातलं सोनेरी झालरीचं कोरल त्याच्या डोळ्यांदेखत सावकाश उघडलं. वीस मिनिटं उघडंच राहिलं. समोर कोण बसलंय हे कळूनही त्याने काही आवरतं घेतलं नाही. दाढ दाखवायची राहून गेली.

"घेऊन जा एक तुकडा," साडू म्हणाला आणि दात उपटायच्या चिमट्याने त्याने कोरलची लिंबाएवढी फांदी तोडली. भूल न देता. "पण सांगून ठेवतो. यात दोनच गोष्टींना महत्त्व. वरून उजेड किती आणि आत पाणी हलतं किती. दोन्ही बेतात लागतं. तुमच्याच्याने व्हायचं नाही."

"मोजमापात माझ्याच्याने व्हायचं नाही?" निरीक्षकाने विचारलं.

"दोन महिन्यांनी येऊन बघतो."

"बघा. डॉक्टरांसमोर नाही उघडलं, तर टाकीसकट घेऊन जा दवाखान्यात."

साडू हसला. निरीक्षक हसला नाही. त्याने तिथलाच औषधांच्या चिठ्ठीचा कागद घेतला, मजकूर लिहिला, तारीख आणि रविवार संध्याकाळ पाच ही वेळ घातली, खाली सही केली आणि साडूचीही घेतली. तोंडी गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता.

दिवा आणि पंप घ्यायला तो शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याकडे गेला. मासेवाल्याने त्याला दारातच ओळखलं. मीठ तोलायच्या काट्यावर त्याने गडबडीने टॉवेल टाकला आणि टॉवेलावर आपण स्वतः टेकला, त्यामुळे टॉवेलाखालचा काटा शहात्तर किलोवर गेला.

"तीन फुटी टाकी. दिवा कोणता?" निरीक्षकाने वही उघडली. वहीत त्याने आधीच रकाने पाडून आणले होते: निळा उजेड, पांढरा उजेड, उष्णता, आपोआप चालू-बंद होण्याची सोय, हमी.

"साहेब, तुमच्या टाकीला हा मधला पुरे," मासेवाला म्हणाला.

निरीक्षकाने नुसतं वर बघितलं. त्याची ती सवय होती, त्यात काही हेतू नव्हता.

"म्हणजे पुरतो तसा," मासेवाला म्हणाला, "पण मोठा घेतलेला बरा. तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे."

निरीक्षक काहीच म्हणाला नव्हता. त्याने मोठा दिवा घेतला.

लाटा करणाऱ्या पंपाच्या खोक्यावर, तासाला चार हजार लिटर पाणी फिरवतो, असं छापलेलं होतं. निरीक्षकाने दुकानातल्याच हौदात पंप लावला, त्याच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि ती किती सेकंदात फुगते ते घड्याळ लावून तीनदा मोजलं.

"तीन हजार आठशे साठ," तो म्हणाला.

मासेवाल्याला घाम फुटला. "खोकं मी छापत नाही, साहेब. तुम्ही असं करा, हा दुप्पटीचा न्या. म्हणजे कमी भरायचा प्रश्नच नाही."

अशा तऱ्हेने टाकीला जे लागत होतं त्याच्या दुप्पट सामान घरी आलं, आणि तेही पूर्ण मोजूनमापून.

तपासणी रोज संध्याकाळी साडेसहाला. ऑफिसातून आला, की निरीक्षक हातपाय धुई, चष्मा बदली आणि उजेड मोजायच्या यंत्राची वायर घेऊन कोपरापर्यंत हात टाकीत घाली. वायरचं टोक कोरलला चिकटवून धरी, आकडा वाची, मग दुसऱ्या बाजूने, मग वरून. त्यानंतर बोटाने कोरलभोवतीचं पाणी हलवून लाट तिथपर्यंत पोचते का ते बघी. एवढं झालं, की खुर्ची ओढून समोर बसे आणि कोरलची अवस्था नोंदवहीत लिही. अवस्था रोज तीच होती: बंद.

"दुपारी उघडं होतं," तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली. तिचं टेबल शेजारीच होतं. "चांगलं वीतभर. झालर सोडल्यासारखं."

निरीक्षकाने पेन खाली ठेवलं. "तुम्ही यायच्या आधी सगळं बरोबर होतं, हे मला प्रत्येक दुकानदार सांगतो."

"मी दुकानदार आहे का?"

"मी कुणाला नावं ठेवत नाही. तपासणीत जे दिसतं ते मी लिहितो."

बायकोने त्यानंतर हा विषय काढला नाही. ती पुन्हा कापायला बसली आणि त्या संध्याकाळी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या.

कोरल बंद, त्याअर्थी उजेड कमी. निरीक्षकाने दिव्याचं बटण पाचावरून आठावर नेलं. खोली बदलली. हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचायला दिवा लावायची गरज उरली नाही, मात्र वर्तमानपत्र निळं दिसू लागलं. खिडकीतल्या कुंडीतली वेल खिडकीकडे पाठ करून टाकीकडे वळली. समोरच्या इमारतीतल्या बाई एकदा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे वेल्डिंगचं काही काम काढलंय का?"

"प्रवाळ आहे," निरीक्षक म्हणाला.

"लवकर बरं होऊ दे," बाई म्हणाल्या.

कोरल बंदच. आता उजेड पुरेसा होता, म्हणजे दोष पाण्याचा. पंपाचं बटण चारावरून आठावर गेलं. टाकीतली सगळी वाळू एका रात्रीत उजव्या कोपऱ्यात गोळा झाली आणि तिथे टेकडी तयार झाली. टाकीत नारिंगी मासाही होता. तो दिवसभर जोर लावून डावीकडे पोहत असे आणि जिथल्या तिथे असे. निरीक्षकाने हे बघून विचार केला आणि वाळू परत यावी म्हणून दुसऱ्या काचेवर, पहिल्याच्या समोरासमोर, दुसरा पंप आणला. मासेवाल्याने हा सल्ला दिला नव्हता. तो "एकही जरा जास्तच आहे, साहेब," असं म्हणाला होता, मग निरीक्षकाने वर बघितलं आणि तो म्हणाला, "म्हणून तर दोन हवेत."

दोन पंपांची मधोमध गाठ पडली. पाणी तिथून वर उसळू लागलं आणि सोफ्यावर मिठाचे पांढरे ठिपके पडू लागले. निरीक्षकाने सोफा चौदा इंच मागे घेतला.

पण एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली. एरवी सुटली नसती. बायकोने तक्रार करणं थांबवलं होतं. टेबल तिने डावीकडे आणखी सरकवलं नाही, उलट हळूहळू टाकीकडे ओढत आणलं. चौथ्या आठवड्यात मधले दोन इंचही संपले. काळ्या कापडाचं काम ती पूर्वी नीट दिसत नाही म्हणून नाकारायची, ते आता घेऊ लागली.

सातव्या आठवड्यात निरीक्षकाने नोंदवही पहिल्या पानापासून वाचून काढली. साठ-सत्तर नोंदी, शब्द एकच. रविवारी तो घरी असायचा, म्हणून रविवारच्या नोंदी चार-चार होत्या. त्याही तशाच.

"अगं," तो म्हणाला, "टाकी गेली तर तुझं टेबल परत कोपऱ्यात येईल."

"येईल की," बायको म्हणाली. ती खिसा कापत होती.

"मला टाकीचं काही नाही. फक्त एकदा उघडलेलं बघायचं होतं. आपल्या घरात." त्याने वही मिटली. "तिथे साडूंकडे उघडतं, म्हणजे वस्तूत दोष नाही."

बायकोची कात्री थांबली. ती काहीतरी बोलणार होती. पण तेवढ्यात निरीक्षक उठला, बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातला.

तो रविवार उजाडला. सकाळी निरीक्षकाने दोन्ही पंप नवाच्या आकड्यावर नेले, तासभर वाट पाहिली आणि त्याच्या लक्षात आलं, की पाण्याला दोन बाजूंनी ढकललं जातंय पण मागून कोणीच ढकलत नाही. "तिसरा आणतो," तो म्हणाला. "दोनपर्यंत येतो. साडू पाचला येणार."

साडू बाराला आला.

"पाचची वेळ होती ना, भाऊजी?" दार उघडून बायको म्हणाली.

"वेळ सांगून गेलं की खरं काही दिसत नाही. हे तुझ्या नवऱ्याकडूनच शिकलोय." साडूने चपला काढल्या, हॉलमध्ये आला आणि जागच्या जागी थांबला.

टाकीत मंद निळसर उजेड होता. पाणी हलतंय हे कळत होतं, पण कुठून हलतंय ते कळत नव्हतं. वाळू सपाट होती. नारिंगी मासा या टोकाहून त्या टोकाला जाऊन, काम नसल्यासारखा परत येत होता. आणि मधोमध कोरल उघडलं होतं. लिंबाचं आता मोठं मोसंबं झालं होतं आणि त्याची सोनेरी झालर सगळीकडून बाहेर येऊन हलत होती.

"माझ्याकडे एवढं उघडत नाही," साडू म्हणाला. डॉक्टरला हे कबूल करायला जरा वेळ लागला. "साहेबांनी केलं हे?"

"त्यांनी हे अजून बघितलेलं नाही."

"म्हणजे?"

बायकोने पंपाच्या बटणाकडे बोट केलं. तिथे शिंप्याच्या खडूने दोन खुणा होत्या. दोनाच्या आकड्यावर निळी, नवाच्या आकड्यावर पांढरी. दिव्याच्या बटणावरही तशाच दोन.

"निळी आमची. पांढरी त्यांची," ती म्हणाली. "साडेनऊला ते ऑफिसला गेले की मी खुणा करून निळीवर आणते. एवढ्या झोतात आणि एवढ्या उजेडात ते बिचारं मिटूनच बसतं. वाळू झाऱ्याने सारखी करते. तासाभरात ते उघडतं. मग आम्ही दोघं कामाला लागतो."

"दोघं कोण?"

"मी आणि हे." तिने कोरलकडे बघितलं. "सव्वासहाला पुन्हा पांढऱ्या खुणेवर आणते आणि खुणा पुसून टाकते. खूण असली की त्यांचा आकडा चुकत नाही. ते आल्या आल्या आधी बटण बघतात."

"अगं, मग सांगायचं त्याला."

"सांगितलं होतं. मला दुकानदार म्हणाले."

साडू खुर्चीवर बसला. रोग्याची केस गुंतागुंतीची निघाली, की तो असाच बसत असे. "आणि समज बटण खाली ठेवलं असतंस, तरी संध्याकाळी..."

"तरी काय. आल्या आल्या कोपरापर्यंत हात घालतात. तुमच्या तोंडात कुणी हात घातला तर तुम्ही उघडं ठेवाल का?"

"माझा तर धंदाच तो आहे," साडू म्हणाला, "पण मी आधी विचारतो."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मासेवाल्याचं दुकान बंद होतं. निरीक्षक गल्लीच्या तोंडाशी दिसला तेव्हापासून बंद होतं. त्यामुळे तो दीड तास आधीच परतला होता. कुलपात किल्ली फिरली आणि बायको खुर्चीतून उठली. तिने काही ठरवलं नव्हतं. पाच आठवड्यांची सवय होती. दोन पावलांत ती टाकीशी पोचली, दोन्ही पंप पांढऱ्या खुणेवर, दिवा पांढऱ्या खुणेवर, आणि मागे सरून कात्री हातात घेतली. खुणा पुसायच्या राहिल्या.

निरीक्षक आत आला तेव्हा हॉल लख्ख निळा होता, पाणी मधोमध उसळत होतं, मासा डावीकडे जायचा प्रयत्न करत होता, आणि कोरल साडूच्या डोळ्यांदेखत झालर आत ओढून घेऊन लिंबाएवढं झालं होतं.

निरीक्षकाने साडूला बघितलं, टाकी बघितली, घड्याळ बघितलं. वेळेआधी आल्याबद्दल त्याने काही आक्षेप घेतला नाही. स्वतः तो आयुष्यभर वेळेआधीच गेला होता.

"बघितलंत ना," तो म्हणाला. "बंद." त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "शब्द म्हणजे शब्द. टेम्पो कधी बोलावता? मी पंप काढायला घेतो."

साडूने बायकोकडे बघितलं. बायकोने कात्रीकडे बघितलं. निरीक्षक पंपाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. चष्मा नाकावर खाली घेऊन त्याने बटण बघितलं, मग दुसऱ्या पंपाचं, मग दिव्याचं. पांढऱ्या खुणेवरून त्याने अंगठा फिरवला. अंगठ्याला खडू लागला. निळ्या खुणेवरून फिरवला. तिथला आकडा रोज बोट लागून अर्धा पुसला होता.

"असे दोन खुणांचे काटे मी अकरा पकडलेत," तो सरळ होत म्हणाला. "माल घेताना एक खूण, देताना दुसरी. आणि निरीक्षक आला की तिसरीच कहाणी."

"आता बारा झाले," बायको म्हणाली.

"केव्हापासून?"

"चौथ्या आठवड्यापासून. साडेनऊला खाली, सव्वासहाला वर."

"रविवारी?"

"रविवारी तुम्ही घरी असता. रविवारी ते मुकाट्याने सोसतं."

निरीक्षकाने नोंदवही काढली, पानं उलटली आणि बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघत राहिला. सगळ्या नोंदी खऱ्या होत्या. तेवीस वर्षांत त्याने एकही खोटी नोंद केली नव्हती. फक्त त्या सगळ्या तो घरी असतानाच्या होत्या.

"नियमाने वस्तू जप्त होते," तो शेवटी म्हणाला. "डॉक्टर, घेऊन जा."

"मी कशाला नेऊ?" साडू म्हणाला. "तो कागद वाचा जरा."

"मीच लिहिलाय."

"म्हणूनच वाचा."

निरीक्षकाने घड्या उलगडल्या. स्वतःचा मजकूर त्याने दोनदा वाचला, दुसऱ्यांदा बोट ठेवून. डॉक्टरांसमोर कोरल उघडलेले आढळल्यास टाकी आहे तिथेच राहील.

"माझ्यासमोर उघडलं," साडू म्हणाला. "बारा वाजून पाच मिनिटांनी. वीतभर. तुमच्यासमोर उघडायला हवं असं यात कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं," निरीक्षकाने मान्य केलं. कागद त्याने पुन्हा चार घड्या करून खिशात ठेवला. मग स्वतःच्या हाताने दोन्ही पंप आणि दिवा निळ्या खुणेवर आणले. हॉलमध्ये दुपार परत आली. सवयीने त्याने बाही वर सारली, हात पाण्याच्या वर नेला, आणि बायको नुसती घसा साफ केल्यासारखी करताच मागे घेतला.

"आता?" त्याने विचारलं.

"आता काही नाही," बायको म्हणाली. "आता बसायचं. मी चहा ठेवते."

निरीक्षकाने सोफा होता त्या जागी परत आणला, पण तोंड दुसरीकडे करून. टाकीकडे पाठ करून तो ताठ बसला. त्याच्या समोर बंद टीव्ही होता.

"अहो, वळा की इकडे," साडू म्हणाला. "हात घातला नाहीत म्हणजे झालं. बघितल्याचं त्याला काही नाही. त्याला डोळे नसतात."

"शटरांनाही नव्हते," निरीक्षक म्हणाला.

चहा आला. बायको काळं कापड पसरून कापत राहिली, साडूने दोन बिस्किटं खाल्ली. अर्ध्या तासाने टीव्हीच्या काळ्या काचेत, निरीक्षकाच्या उजव्या कानाच्या वर, काहीतरी सोनेरी हललं. आधी एक टोक. मग चार. मग सगळीकडून एकदम, सावकाश. निरीक्षकाने मान हलवली नाही. कप तोंडाशी नेला होता तो तसाच राहिला आणि चहावर साय धरली.

"कसं आहे?" बायकोने टेबलावरून वर न बघता विचारलं.

त्याने कप खाली ठेवला, मांडीवर वही घेतली, खिशातून पेन काढलं आणि मागे न वळता त्या दिवसाची नोंद केली:

तपासणी केली नाही. योग्य आढळले.